आकाशातून कडं पडलं, बांधीत काय उतरलं?

प्रश्न असा आला आहे: "मी सिंदेवाही तालुक्यातला. 2 एप्रिल 2022 ला संध्याकाळी आमच्या लाडबोरीकडे आकाशातून लोखंडाचं भलंमोठं कडं पडलं. पुढच्या वर्षी चांद्रयान उतरलं तेव्हा गावात पेढे वाटले. पण बाबा विचारतात, आपल्या तीन एकर धानाला या उपग्रहांचा उपयोग काय? मला सांगता आलं नाही. आणि एक, ते कडं भंगारात विकता आलं असतं का?"

भंगाराचं शेवटी सांगतो. पण सुरुवात त्या कड्यापासूनच करावी लागेल, कारण बहुतेकांना ते आभाळातून आलेलं संकट वाटलं होतं. त्या संध्याकाळी अख्ख्या विदर्भाने आकाशात जळत्या रेघा पाहिल्या. कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान पडलं म्हणालं. सुमारे 3 मीटर व्यासाचं ते कडं आणि आसपास सापडलेले गोळे हे चीनच्या लाँग मार्च जातीच्या रॉकेटच्या वरच्या टप्प्याचे अवशेष असावेत, असं अभ्यासकांनी कक्षेच्या हिशोबावरून सांगितलं. म्हणजे उपग्रह वर पोचवून झाल्यावर उरलेला सांगाडा. गाडीने माल उतरवला आणि रिकामी गाडी तुमच्या शिवारात पडली, असं समजा. तुमच्या बाबांचा प्रश्न त्या मालाबद्दलचा आहे.

मी नागपुरात राहून 30 वर्षं उपग्रहाच्या चित्रांवरून पिकं, पाणी आणि जंगल मोजण्याचं काम केलं. त्यातला निम्मा वेळ संगणकासमोर गेला, निम्मा वावरात. वावरातल्या कामाला आमच्या धंद्यात 'ग्राउंड ट्रुथ' म्हणतात. चित्रात जे दिसतं ते जमिनीवर खरंच आहे का, हे पायी जाऊन पाहायचं. उपग्रहाचा जो काही फायदा विदर्भातल्या खेड्यांना झाला तो या पायी जाण्यामुळे झाला, आणि जिथे नुकसान झालं तिथे हे पायी जाणं कुणीतरी टाळलेलं होतं, असं माझं मत आहे.

नव्वदच्या दशकात मी एकदा दारव्ह्याकडे एका शेतकऱ्याला त्याच्या गावाचं छापील चित्र दाखवलं. आमच्या चित्रात हिरवं पीक लालभडक दिसतं. त्याने ते दोन्ही हातांनी धरलं आणि घाबरून विचारलं, "साहेब, माया वावराले आग लागली का जी?" मी हसलो, पण समजावताना घाम फुटला. पानातलं हरितद्रव्य तांबडा प्रकाश गिळतं, आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश निरोगी पान भरभरून परतवतं. उपग्रह हे दोन्ही प्रकाश वेगवेगळे मोजतो. पीक जितकं दाट आणि तजेलदार, तितकी दोन्हींतली तफावत मोठी. छापताना न दिसणाऱ्या प्रकाशाला लाल रंग देतात, म्हणून पऱ्हाटी (कपाशी) आगीसारखी दिसते. उपग्रहाला पीक दिसत नाही, त्याला उजेडाची तफावत दिसते. ही तफावत धानाची की बेशरमाच्या झुडपाची, हे त्याला आपण शिकवावं लागतं.

दुसरी गोष्ट मापाची. भारताचा पहिला दूरसंवेदन उपग्रह, आयआरएस-1ए, 17 मार्च 1988 ला बैकानूरहून सुटला. त्याच्या एका कॅमेऱ्याचा ठिपका, म्हणजे चित्रातला सर्वांत लहान तुकडा, जमिनीवर 72.5 मीटरचा होता. हिशोब करा, तो एक ठिपका सव्वा एकरापेक्षा मोठा. तुमच्या बाबांची तीन एकर बांधी (धानाचं वावर) म्हणजे सव्वादोन ठिपके, तेही धुऱ्यावरच्या झाडांसह. पुढे लिस-3 कॅमेऱ्याने ठिपका 23.5 मीटरवर आणला, म्हणजे एकरात साधारण सात. आता युरोपच्या सेंटिनेल-2 ची 10 मीटरची चित्रं दर पाच दिवसांनी आणि फुकट मिळतात. एकरात 40 ठिपके. 'एका शेतकऱ्याचं शेत' ही भाषा आम्ही अलीकडेच बोलायला लागलो. त्याआधी आमची मजल तालुक्यापर्यंत होती.

आता धान. कॅमेऱ्याचा उपग्रह ढगाआड आंधळा असतो आणि आपलं पीक खरिपाचं. जुलै-ऑगस्टमध्ये झाडीपट्टीवर स्वच्छ आकाश मिळणं म्हणजे लॉटरीच. म्हणून धानाला खरा उपयोग रडारच्या उपग्रहाचा. तो स्वतःच लहर सोडतो आणि परत आलेली मोजतो, ढग आणि अंधार दोन्ही त्याला आडवे येत नाहीत. भारताचा रिसॅट-1 2012 मध्ये अवकाशात गेला, ईओएस-04 14 फेब्रुवारी 2022 ला, आणि नासा-इस्रोचा निसार 30 जुलै 2025 ला. निसार दर 12 दिवसांनी त्याच जागेवर येतो.

चिखलणी करून पाणी भरलेली बांधी रडारला आरशासारखी वाटते. लहर तिरपी येऊन पुढे निसटते, परत येत नाही, म्हणून चित्रात बांधी काळी दिसते. रोवणी झाली, चूड (रोपांचे झुपके) वाढले की लहर पाणी आणि ताटांमध्ये आपटून परत येऊ लागते आणि तीच बांधी हळूहळू उजळत जाते. आधी काळी, मग उजळ, ही धानाची सही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत रोवणी किती झाली आणि कुठे खोळंबली हे त्यावरून कळतं.

यातही एक मेख आहे, ती मला ब्रह्मपुरीकडच्या एका बाईंनी शिकवली. आमच्या नकाशात त्यांच्या गावचा मोठा तुकडा 'धान नाही' असा आला होता. त्या म्हणाल्या, "आमी आवत्या टाकतो ना जी, रोवत नाही." आवत्या म्हणजे पऱ्हे (रोपं) न टाकता थेट पेरलेलं धान. तिथे सुरुवातीला बांधी पाण्याने भरलेली नसते, त्यामुळे ती काळी पायरी चित्रात येतच नाही. शंभर पानी अहवालात नसलेली गोष्ट त्या एका वाक्यात होती. दुसऱ्या वर्षीपासून आम्ही आवत्याचे नमुने वेगळे घ्यायला लागलो.

सोयाबीनमध्ये असाच, पण महागात पडू शकणारा घोटाळा झाला. 2023 च्या सप्टेंबरात पिवळा मोझॅक आणि मूळकूज यांनी विदर्भातलं सोयाबीन बसलं. मी तेव्हा निवृत्त होऊन सल्लागार म्हणून काम करत होतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या काही मंडळांत चित्र झपाट्याने पिवळं पडत होतं. आमच्याच गटातल्या एका हुशार पोराने त्यावर शिक्का मारला: 'पक्वता'. त्याचं चुकलं असं म्हणवत नाही. सोयाबीन पिकलं की पान पिवळं पडून गळतं, आणि पांढऱ्या माशीने पसरवलेल्या रोगातही पान पिवळंच पडतं. वरून दोन्ही सारखं. त्यात जेएस 95-60 सारखं लवकरचं वाण 90 दिवसांच्या आत येतं, तर जेएस 335 ला 100 च्या आसपास दिवस लागतात. पेरणीची तारीख आणि वाण माहीत नसेल तर पिवळेपणाचा अर्थ लावणं म्हणजे निव्वळ अंदाज. मी दोन जणांना मोटारसायकलवर पाठवलं. त्यांनी शेंगा उकलून फोटो धाडले. दाणे ज्वारीएवढे, काही शेंगा नुसत्या चपट्या. 'पक्व' शिक्का खोडला गेला. त्या दिवशी कुणी गेलं नसतं तर कागदावर ते वावर चांगलं पिकलेलं राहिलं असतं.

हे मी इतकं लांबवून सांगतो, कारण 2023 च्या खरिपापासून पीकविम्यात हे तंत्र थेट आलं. केंद्राने भात आणि गव्हासाठी उत्पादन ठरवताना तंत्रज्ञानाच्या अंदाजाला किमान 30 टक्के वजन दिलं, बाकीचं पीक कापणी प्रयोगाला, म्हणजे निवडक प्लॉट कापून प्रत्यक्ष मोजलेल्या उत्पादनाला. नियम दर वर्षी आणि राज्याप्रमाणे हलतात, म्हणून त्या वर्षीचा शासन निर्णय कृषी सहायकाकडून वाचून घ्या. मी या तंत्राच्या बाजूचा आहे. पीक कापणी प्रयोगात कुठला प्लॉट निवडला, माप खरं घेतलं का, यावरून गावोगावी झालेली भांडणं मी पाहिली आहेत. उपग्रह कुणाच्या ओट्यावर चहा पीत नाही. पण त्याला भोळा साक्षीदार समजा: पाहिलं तेवढं खरं सांगतो, त्याचा अर्थ दुसरंच कुणी लावतं.

आणि तो अर्थ लावायला तुमचाच हात लागतो. 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी आहे. शेतकरी आपल्या गटात उभा राहून फोनवर पिकाची नोंद करतो. लोकांना ती सातबाऱ्यासाठीची कटकट वाटते. आमच्या धंद्याच्या डोळ्यांनी पाहा: जागेच्या खुणेसह लाखो वावरांची नोंद, पूर्वी आम्हाला हंगामभर भटकून काही शे ठिकाणं मिळायची. पण शेजाऱ्याच्या भरवशावर ओट्यावर बसून 'सोयाबीन' टाकलं आणि वावरात तूर असली, तर गाव चुकीचं शिकवतं आणि चित्र चुकीचं शिकतं. पऱ्हाटीत तुरीचे तास (ओळी) असतील तर दोन्ही पिकं नोंदवा. आठ तास पऱ्हाटी आणि एक तास तूर हे वरून जवळजवळ पऱ्हाटीच दिसतं, ते फक्त तुम्हीच सांगू शकता.

तुमच्या भागाचं दुसरं धन म्हणजे माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातले तलाव. ऑक्टोबरातलं एक स्वच्छ चित्र घेतलं की कुठल्या तलावात पाण्याचा पसारा किती, हे एका बैठकीत मोजता येतं. दहा वर्षांची ऑक्टोबरची चित्रं शेजारी ठेवली की गाळाने पसारा कसा आक्रसत गेला तेही दिसतं. अडचण बेशरम आणि जलपर्णीची. भरलेला तलाव वरून हिरवं वावर दिसतो.

ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेला आलेला पूर तुम्हाला आठवत असेल. पाऊस मध्य प्रदेशात पडला, गोसीखुर्द धरणाचे सगळे 33 दरवाजे उघडले आणि ब्रह्मपुरी तालुक्यातली गावं पाण्यात गेली. अशा वेळी वर ढग असतात, म्हणून रडार कामाला येतो, आणि बोटी कुठे पाठवायच्या ते नकाशावर दाखवता येतं. पण उपग्रह त्याच्या वेळेला येतो, पूर त्याच्या वेळेला. पाणी सर्वांत वर चढलं ती वेळ दोन फेऱ्यांच्या मधेच निघून जाते. पंचनाम्याच्या वेळी 'नकाशात तुमचं घर पुराबाहेर आहे' असं कुणी म्हटलं, तर भिंतीवरची चिखलाची रेघ दाखवा, तिच्यावर तारीख लिहून फोटो काढा. अशी रेघ मी आमच्या नकाशापेक्षा वरचढ मानत आलो आहे.

बोअरचं लोक नेहमी विचारतात. उपग्रह पाणी दाखवतो का? जमिनीखालचं पाणी नाही दाखवत. पश्चिम विदर्भाच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांत आणि कुजलेल्या खडकात असतं. अशी भेग वरून कधी कधी सरळ रेघेसारखी दिसते: नाला अचानक काटकोनात वळतो, उन्हाळ्यातही झाडांची एक ओळ हिरवी राहते. अशा रेघा जोडून राष्ट्रीय पेयजल अभियानासाठी भूजल संभाव्यतेचे नकाशे झाले, प्रमाण 1:50,000. म्हणजे नकाशावरचा एक मिलिमीटर जमिनीवर 50 मीटर. पेन्सिलीची रेघच 25 मीटर रुंद! एका गावात सरपंचाने तो नकाशा घेऊन थेट गाडी बोलावली आणि 200 फूट कोरडी धूळ उडवली. भेग बाजूला असणार. नकाशा शोधाचा पट्टा सांगतो, त्या पट्ट्यात भूजल सर्वेक्षणवाल्यांकडून विद्युत रोधाची मोजणी केल्याशिवाय बोअर मारू नये. नारळ घेऊन फिरणाऱ्या पाणाड्याला मी कधी हिणवलं नाही. जुने पाणाडे उंबर, वारूळ, नाल्याचं वळण बघून जागा सांगायचे, म्हणजे आमचंच काम खालून करायचे. नारळ मात्र उगाच.

जंगलाकडे वळू, तुमच्या घरामागे तेच आहे. मार्च ते मे मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणूनही आग लावली जाते. भारतीय वन सर्वेक्षण अमेरिकी उपग्रहांच्या उष्णता टिपणाऱ्या यंत्रांवरून आगीचे ठिपके काढून वनकर्मचाऱ्यांच्या फोनवर संदेश पाठवतं. त्यातल्या बारीक यंत्राचा ठिपका 375 मीटरचा. वनरक्षकाला बीट (त्याची हद्द) कळतो, झाड नाही. आणि उपग्रह साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास जातो, संध्याकाळी पेटलेली आग रात्रीच हाती लागते. तरी कोसभर चालत धूर शोधण्यापेक्षा हे खूप बरं, हे कुठल्याही जुन्या वनमजुराला विचारा.

वाघाच्या गळ्यातला पट्टाही याच कुटुंबातला. यवतमाळच्या टिपेश्वरमधला एक तरुण वाघ 2019 मध्ये निघाला आणि तेलंगणात डोकावून, सुमारे 1,300 किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगात पोचला. पट्टा नसता तर नाल्यांच्या काठाकाठाने, पऱ्हाटीच्या वावरांतून वाघ कुठल्या वाटेने जातो हे कुणाला कळलंच नसतं. तुमच्या तालुक्यात वाघाने माणसं मारली आहेत, त्यांच्या घरी हे कौतुकाने सांगायची माझी हिंमत नाही.

वनहक्काचं मात्र ठासून सांगतो, कारण तिथे आमच्या चित्रांचा गैरवापर झालेला मी पाहिला आहे. वनहक्क कायद्याखाली 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासूनचा ताबा दाखवायला त्या काळातली उपग्रह चित्रं पुरावा म्हणून चालतात, आणि अनेकांना त्यांनी पट्टे मिळवून दिले. पण आदिवासी शेतकरी वावरातलं मोहाचं आणि तेंदूचं झाड तोडत नाही. दोन एकरांत चारपाच मोठे मोह असले की 23.5 मीटरच्या ठिपक्यांत ते वावर जंगलच दिसतं. एका समितीत मी स्वतः ऐकलं, "सॅटेलाइटमध्ये शेती नाही, दावा फेटाळा." असं करता येत नाही. त्या कायद्याच्या 2012 च्या नियमदुरुस्तीत स्पष्ट लिहिलं आहे की उपग्रह चित्र इतर पुराव्याला पूरक आहे, त्याची जागा घेणारं नाही. गावातल्या जाणत्याची साक्ष, जुना धुरा, दगडांची रास हेही तितकेच पुरावे. तुमच्या भागात कुणाचा दावा अडला असेल तर हे वाक्य त्यांना नक्की दाखवा.

हवामानाचं थोडक्यात. इन्सॅट-3डीआर आणि 2024 चा 3डीएस हे 36,000 किलोमीटर उंचीवर आपल्यावर नजर लावून उभे आहेत आणि दोघे मिळून दर पंधरा मिनिटांनी ढगांचं चित्र देतात. ते ढगाचा माथा पाहतात. मोठी प्रणाली बंगालच्या उपसागरातून येते आहे हे दोन-तीन दिवस आधी चांगलं कळतं, तुमच्या बांधीत पडेल की शेजारच्या गावात, हे कळत नाही. विजेच्या सूचना देणारं 'दामिनी' ॲप लोक उपग्रहाचं समजतात. ते जमिनीवरच्या संवेदकांच्या जाळ्यावर चालतं. सूचना आली की कुठूनही आली तरी मोहाखालून बाहेर पडा.

बाबांना काय सांगाल? रोवणीची तारीख, वाण आणि आवत्या की रोवणी, हे एका वहीत लिहायला लावा. बांधीच्या एकाच कोपऱ्यातून दर पंधरा दिवसांनी जागेची खूण चालू ठेवून फोटो काढा. नुकसान झालं आणि त्या वर्षी स्थानिक आपत्तीचं संरक्षण लागू असलं तर 72 तासांच्या आत कळवा. विम्याच्या तक्रारीत 'उपग्रह खोटं बोलतो' म्हणू नका, कुणी ऐकत नाही. 'या तारखेला या गटात हे होतं, हा फोटो, ही नोंद' म्हणा, आमच्यासारख्याला चित्र पुन्हा उघडावंच लागतं. सिंदेवाहीतच कृषी विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र आहे, वाण किती दिवसांचं हे तिथे विचारून वहीत टाका.

आता कडं. नाही, विकता आलं नसतं. 1967 च्या अंतराळ करारानुसार अवकाशात पाठवलेली वस्तू कुठेही पडली तरी तिची मालकी पाठवणाऱ्या देशाकडेच राहते, आणि 1968 च्या करारानुसार त्या देशाने मागितली तर ती परत द्यावी लागते. म्हणूनच पोलिसांनी ती ताब्यात घेतली. 1972 चा एक करार मात्र आपल्या बाजूचा आहे. ते कडं कुणाच्या गोठ्यावर पडून बैल मेला असता, तर चूक कुणाची हे सिद्ध न करताही भरपाई त्या देशाला द्यावी लागली असती. अर्ज मात्र तुम्ही नाही, भारत सरकारने करायचा असतो, आणि त्यालाही पंचनामा लागलाच असता, तलाठ्याच्या सहीचा.